हात हालते की हँडल

माझे हात थरथरतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला गाठून "पण मॅडम, तुमचे हात तर..." म्हणायला नको. चहाचा कप बशीत वाजतो. फळ्यावर सरळ रेघ ओढायची तर मी पट्टी धरते, आणि ती पट्टीही जरा हलतेच. गोंदियाच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, हा कंप घराण्यातून आलेला आहे, जिवाला धोका नाही, पकड पक्की आहे तोवर सगळी कामं करा. नवरा शेजारीच बसला होता. एवढ्या बोलण्यातलं त्यांनी एकच लक्षात ठेवलं, घराण्यातून आलेला.

ते खरंच आहे म्हणा. माझ्या बाबांचे हात असेच होते. नवेगाव बांध या गावी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाकाचा आऊट काढण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. आऊट काढायचा म्हणजे डुलत फिरणारं चाक एकेक तार कसून, एकेक सैल करून सरळ फिरतं करायचं. एरवी बिडी पेटवताना बाबांची काडी तीनदा विझायची, पण तारेवर चाबी बसली की हात शांत व्हायचा. मी समोर फळकुटावर बसून पाहायची. पुढे लोकांचं लक्ष चाकावरून हातावर गेलं. "बुढा थरथरते, ब्रेक बराबर कसन काय?" असं एक जण म्हणाला, मग दुसरा म्हणाला, मग गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जायला लागलं. बाबा कोणाशी एक शब्द भांडले नाहीत. दुकानाला कुलूप घातलं आणि बाजेवर बसले ते बसलेच.

मला त्यांचा राग येतो. अजूनही येतो. एक चाक उचलून भर चौकात फिरवून दाखवायचं होतं ना लोकांना.

मी शिक्षिका आहे, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत. शाळा जंगलाच्या कडेला, माझ्या घरापासून एकोणीस किलोमीटरवर. तिथे जाणारी बस शाळा सुटायच्या वेळेला पोचते, त्यामुळे वीस वर्षांपासून मी मोटारसायकलने जाते. स्कूटी नाही, मोटारसायकल. त्या रस्त्याच्या खड्ड्यात लहान चाक बसलं की बसलंच. पहिल्या वर्षी गावात चर्चा झाली, दुसऱ्या वर्षी लोक कंटाळले. आताची काळी गाडी माझी तिसरी. घरात गाडी ही एकच. आठवडाभर ती शाळेत जाते, सुटीच्या दिवशी नवरा शेतावर नेतो. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

यंदा धानाची रोवणी आटोपता आटोपता त्या गाडीला काहीतरी झालं. साठच्या वेगाने जाताना ठीक चालायची. पण पुढे म्हैस दिसली, वळण आलं, म्हणून अॅक्सिलेटर सोडला की पंचेचाळीसच्या आसपास हँडल डावी-उजवी, डावी-उजवी थरथरायला लागायचं. आधी बारीक, मग एवढं की आरशातला रस्ताच पुसून जायचा. वेग तिसाच्या खाली आला की आपोआप बंद. पहिले दोन दिवस मला वाटलं, टायरमध्ये हवा कमी असेल. हवा भरली. तिसऱ्या दिवशी नाल्यावरच्या रपट्याच्या उतारावर समोरून देवरीची बस आली, मी अॅक्सिलेटर सोडला, आणि हँडल असं काही फडफडलं की दोन्ही हातांनी आवळूनही थांबेना. बस गेली. मी रपट्याच्या कठड्याला गाडी लावली आणि उतरून तिथेच उभी राहिले.

घरी येऊन सांगितलं. नवरा जेवत होता. भातावर वरण ओतता ओतता म्हणाला, "हात हालते तुजा."

"हात आजचा हालते काय? चार वर्षांपासून हालते. गाडी आता हालून राहिली."

"वाढला असन. डॉक्टरनं सांगतलं ना, घराण्यातून आला म्हणून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती रागामुळे नाही. मनात पाल चुकचुकली होती. बाबांनाही असंच वाटलं असेल का? ब्रेक खरंच सैल राहिला होता का एखाद्याचा? आपल्याला आपला हात किती हलतो हे कळतं की फक्त दुसऱ्याला दिसतं? बशीतला कप वाजतो तेव्हा मला तरी कुठे आधी कळतं.

म्हणून रविवारी सकाळी, नवरा गाडी न्यायच्या आत, मी ती घेऊन नहराच्या पाळीवर गेले. इटियाडोह धरणाच्या नहराची, म्हणजे कालव्याची, ही पाळ आमच्या गावाजवळ सरळसोट आहे, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि रविवारी तिथे कुत्रं नसतं. गाडी साठला नेली, अॅक्सिलेटर सोडला आणि दोन्ही हात हँडलवरून अगदी बोटभर वर उचलले. पंचेचाळीसला हँडल थरथरायला लागलं, एकटंच. माझा हात लागलेला नसताना. मी पटकन धरलं, गाडी थांबवली आणि हसले. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, मॅडमचं डोकंही हलते.

घरी आले ती जिंकल्यासारखीच. म्हटलं, "हात सोडून पाहिली. तरीबी हालते. आता सांगा."

नवऱ्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी पहिलीच्या पोरांकडे पाहते. "हात सोडल्यावर कोणाचीबी गाडी हालनच ना."

म्हणजे धरलं तर हात हलवतो, सोडलं तर हात नाही म्हणून हलते. वकील व्हायचा सोडून हा माणूस धान पिकवत बसला. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाला फोन केला, तर तोही म्हणाला, "आई, बाबा काळजीनं बोलतात, ऐक ना थोडं." मी म्हटलं, काळजीच करायची तर चाकाची करा.

मेकॅनिककडे आम्ही दोघं गेलो. दुकान गावातच, पिंपळाखाली. त्रास मी सांगितला, उत्तर त्याने नवऱ्याला दिलं. "कोनसेट ढिला हाय, भाऊ. टाईट करून देतो." कोनसेट म्हणजे हँडल ज्याच्यावर वळतं ते गोळ्यांचं बेअरिंग. त्याने हँडल हलवून पाहिलं नाही, चाक उचललं नाही, चेसिसच्या डोक्यावरचा नट पान्याने कचकचून आवळला आणि उठला. उठताना माझ्या हातांकडे पाहिलं. मी तेव्हा हेल्मेटचा पट्टा लावत होते आणि तो पट्टा मला पहिल्या झटक्यात कधीच लागत नाही. "बाकी मॅडमचं बी थोडं..." एवढं म्हणून त्याने हात वर केले.

आता गाडी आणखीच बिघडली. हँडल वळायला जड झालं. गाडीला सरळ जायचं म्हणजे हँडलला क्षणोक्षणी थोडं थोडं सैल वळावं लागतं, तेच तिला आता जमेना. हळू चालवताना ती इकडून तिकडे झोकांड्या खायची. थरथर लपली, गेली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या अलीकडे, माणूस चालतो तेवढ्या वेगात, मी शेताच्या धुऱ्यावरून घसरून सरळ धानाच्या बांधीत गेले. लागलं काहीच नाही. पण कमरेपर्यंत चिखल, आणि रोप निंदणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली.

त्या दिवशी नवऱ्याने गाडीची चाबी घेतली आणि कमरेच्या करदोड्याला बांधली. आमच्याकडे माणसं तिजोरीची चाबी तिथे बांधतात. "मी सोडून देत जाईन तुले शाळेत," ते म्हणाले. आवाज चढवून नाही, मऊपणानेच म्हणाले. चढवला असता तर मी भांडले असते. मऊपणाशी भांडता येत नाही; बाबांशीही कोणी आवाज चढवून बोललं नव्हतं.

तीन आठवडे मी मागे बसून शाळेत गेले. मागे बसलं की माणसाला फक्त समोरच्याची मान दिसते. शेतात पाणी धरायचं असलं की त्यांना उशीर, मग मला उशीर, शाळेची घंटा माझ्याशिवाय. सुटल्यावर मी मोहाच्या झाडाखाली उभी, वाट पाहत. पोरं विचारायची, "मॅडम, तुमची गाडी काऊन नाही आणली?" मी म्हणायची, बिघडली. गाडी माझ्या डोळ्यांदेखत येत होती आणि मला बसवून नेत होती.

त्यातच एका दिवशी रपट्याच्या उतारावर त्यांनी अॅक्सिलेटर सोडला आणि मला त्यांची कोपरं दिसली. थरथरत होती. हँडल डावी-उजवी, डावी-उजवी. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "का जी, हँडल हालून राहिलं ना?"

"रस्ता खराब आहे," ते म्हणाले.

माझ्या हातात असली की हात खराब, त्यांच्या हातात असली की रस्ता खराब. त्या उतारावर माझ्या मनातली पाल कायमची मेली. आता मला कोणाला विचारायचं नव्हतं, फक्त शोधायचं होतं.

ते सापडलं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायचे होते, ते नवऱ्याचं काम. नवी दावी खुंटीला अडकवायची, ते माझं. गोठ्याच्या भिंतीला एक लोखंडी खुंटी ठोकली होती, ती मी महिनाभर पाहत होते. त्या दिवशी दावं अडकवताना बोटाला तिच्यातलं भोक जाणवलं. खुंटीला भोक कशाला? वाकून पाहिलं. कमानीसारखी वाकवलेली जाड पट्टी, दोन्ही टोकांना दोन दोन भोकं, भोकांभोवती बोल्ट घासल्याचे चकचकीत गोल. सायकलवाल्याची मुलगी आहे मी. खिळे उपटून पट्टी हातात घेतली आणि अंगणात गाडीपाशी गेले. पुढच्या मडगार्डखाली वाकून पाहिलं. तिथे पट्टी नव्हती, बांधकामाची तार होती. मडगार्ड तारेने बांधलेलं.

मोटारसायकलचं पुढचं चाक दोन शॉकअपच्या मध्ये असतं, हे सगळ्यांना दिसतं. मडगार्डच्या पोटातली ती पट्टी त्या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवते, हे कोणाला दिसत नाही. ती काढली की एक शॉकअप आपल्या मनाने वाकतो, दुसरा आपल्या मनाने. मी बाबांसारखी चाकासमोर उभी राहिले, चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरलं आणि हँडल वळवलं. चाक जागेवर, हँडल बोटभर तिरपं. बाबा प्रत्येक सायकल अशीच बघायचे. गुडघे थरथरत नाहीत माझे.

पट्टी घेऊन गोठ्यात गेले. नवऱ्याचे दोन्ही हात हळदीने पिवळे झाले होते.

"हे काय आहे जी?"

"मडगार्डची पट्टी." त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. "रोवणीत चिखल अडकते तिच्यात. चाक जाम होते. म्हणून काहाडली."

"मग वापस काऊन नाही लावली?"

"मडगार्ड त बिना तिचीबी बसते. सगळेच काहाडतेत."

आमचा चिखल आहे तसा. बांधीतून गाडी काढली की तो टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरतो आणि वाळला की दगड. चूक काढण्यात नव्हती. मी म्हटलं, "महिनाभर माझा हात हालून राहिला होता. आणि हे भिंतीले होतं." ते बैलाचा खांदा मळत राहिले. बैलाने मात्र मान हलवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा, शाळेला सुटी. चाबी मागितली नाही. हँडलला लॉक लावायची सवय आमच्या घरात कोणाला नाही, त्यामुळे गाडी ढकलत पिंपळाखाली नेली, एका हातात ती पट्टी. मेकॅनिकने पट्टी पाहिली आणि मागे वळून एक तेलाचा डबा पुढे ओढला. डब्यात तशाच पट्ट्या भरल्या होत्या, गंजलेल्या, वीस-पंचवीस तरी. "रोवणीत सगळेच काढतात जी. ठेवून जातात, वापस कोणी येत नाही."

"मग त्यांच्या गाड्या हालत नाहीत?"

"हालतात ना. आपल्याकडच्या गाड्या हालतातच."

मला त्या डब्याकडे पाहून आधी हसू आलं, मग राग. वीस-पंचवीस गाड्या, वीस-पंचवीस पुरुष, सगळे हँडल घट्ट धरून रस्त्याला शिव्या देत चालले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकालाही कोणी म्हटलं नाही की तुझा हात हलतो. मी बाकावर बसले आणि म्हटलं, "आता मी सांगते तसं करायचं. आणि उत्तर मला द्यायचं."

आधी कोनसेट सैल केला. गाडी मोठ्या स्टँडवर, इंजिनखाली वीट, पुढचं चाक अधांतरी. हँडल मधे धरून सोडलं तर ते आपल्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे, पण ओढून पाहिलं तर कटकट वाजता कामा नये. चार वेळा नट कसला, चार वेळा सोडला, मग पडलं. मग तार कापली, पट्टी बसवली, पण बोल्ट लगेच कसू दिले नाहीत. चाकाचा एक्सल ढिला केला, गाडी विटेवरून खाली घेतली, पुढचा ब्रेक धरून शॉकअप पाच-सात वेळा दाबले, त्यांना एकमेकांशी जुळू दिलं, आणि मगच एकेक बोल्ट. "आधी बसू दे, मग कस," हे बाबांचं वाक्य. तो मेकॅनिक एकदा म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी करत नाही." मी म्हटलं, "डबा पाहिला मी."

मग मागे वाकून पाहिलं तर मागचे दोन्ही शॉकअप शेवटच्या खाचेत. आमच्याकडे याला गाडी पोत्यावर करणं म्हणतात. कॅरिअरवर धानाचं पोतं किंवा पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, ओल्या पेंड्या न्यायच्या तर मागची स्प्रिंग एकदम कडक करायची. पोतं उतरतं, खाच तशीच राहते. माझं वजन एका पोत्याच्या निम्मं. माझ्याखाली गाडीचा मागचा भाग उंचच राहत होता, नाक खाली खुपसून चालत होती बिचारी, आणि पुढचं सैल चाक त्याने आणखी बावचळत होतं. "ही माणसावर करा," मी म्हटलं. त्याने पाना लावून दोन्ही बाजू दुसऱ्या खाचेवर आणल्या. तारेचा कापलेला तुकडा मी खिशात घातला.

दुपारी नवऱ्याला म्हटलं, चला नहरावर. त्यांनी करदोड्याची चाबी सोडली आणि सवयीने पुढे बसले. मी शेवटचं म्हणून मागे बसले. पाळीवर उतरल्यावर चाबी घेतली आणि त्यांना पाळीखालच्या पाण्याच्या मोरीपाशी उभं केलं.

"माझ्याकडे पाहू नका. चाकाकडे पाहा."

"पडशीन."

"हात सोडल्यावर कोणाचीबी गाडी हालनच ना? पाहू द्या आता."

लांबवर गेले, वळले. साठला नेली. मोरीच्या बऱ्याच अलीकडे अॅक्सिलेटर सोडला आणि दोन्ही हात उचलले, बोटभर नाही, खांद्यांच्या वर. भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू, खूप वाटत होती, आणि भीती वाटली की माझे हात जास्तच थरथरतात. ते वर नुसते फडफडत होते. खाली हँडल होतं. पन्नास. पंचेचाळीस. चाळीस. हँडल जागचं हललं नाही. पस्तीसला मी मोरीपाशी आले तेव्हा नवरा चाकाकडे पाहतच नव्हता, माझ्या हातांकडे पाहत होता, मग चाकाकडे, मग पुन्हा हातांकडे. बाबांच्या दुकानापुढे उभं राहून कोणीतरी एकदा तरी असं पाहायला हवं होतं.

वर्गात मी पोरांना शिकवते, हात वर करणे म्हणजे माघार घेणे. व्याकरणाच्या पुस्तकात तसंच आहे. माझ्यापुरतं ते चुकीचं आहे.

गाडी वळवून त्यांच्यापाशी थांबवली. त्यांनी सवयीनेच तळहात पुढे केला, चाबीसाठी. मी त्यावर तारेचा तुकडा ठेवला. त्यांनी तो बोटात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "हात त अजूनबी हालतेत तुजे."

"हालतेत ना," मी म्हटलं. "बसा मागे."